आठ नंबर

१ फेब्रुवारी, रविवार

कन्येने सकाळी चहा पिताना सांगितलं, २६ तारखेला विमान. तारीख घरात सगळ्यांना महिनाभर माहीत आहे, पण तिने नव्याने सांगितली. परदेशात तीन वर्षांची नोकरी. जायच्या आधी तिला एक डोंगर चढायचा आहे, माझ्याबरोबर. फक्त आम्ही दोघं. पुढच्या रविवारी.

आईला का नको, असं विचारलं. म्हणाली, "आईशी मी रोज बोलते."

याचा डोंगराशी संबंध कळला नाही. होकार दिला. तब्येत ठणठणीत आहे. कॉलेजात असताना दोन डोंगर चढलो आहे, त्यातला एक पूर्ण. फक्त बूट हवेत. आरामदायक आणि टिकाऊ. आठ दिवस भरपूर झाले.

२ फेब्रुवारी, सोमवार

लोक बूट रंग बघून घेतात. हसू येतं. पंपाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तपासणी विभागात काढली आहेत. अर्ध्या केसाच्या फरकावरून शाफ्टला लाल चिकटपट्टी लावून परत पाठवतो. माझ्या हातून चुकीचा बूट घेतला जाणं शक्य नाही.

डबा खाताना निकष लिहून काढले. एकूण तेवीस. सोल, शिवण, घोट्याला आधार, नाड्यांची भोकं वगैरे. नंबर हा निकष नाही. तो माहीतच आहे. आठ.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस इंटरनेटवर अभ्यास. एकाने लिहिलंय चामडंच घ्या. दुसऱ्याने लिहिलंय चामडं चुकूनही घेऊ नका. दोघांनाही पत्र लिहून एकमेकांचे मुद्दे कळवले.

कन्या डोकावली. म्हणाली, "बाबा, दोन तासांचा डोंगर आहे. लोक तिथे कुत्री फिरवायला नेतात."

कुत्र्यांना घोट्याचा प्रश्न नसतो, असं उत्तर दिलं. 

६ फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री ८.

दुकानात गेलो. विकणारी मुलगी पंचविशीची, आत्मविश्वास नको इतका. नंबर आठ सांगितला तरी पत्र्याची मापपट्टी काढून पाय ठेवायला लावला. म्हणाली, "नऊ आहे काका. उजवा जरा जास्तच."

मापपट्टी शेवटची कधी तपासून घेतली होती, असं विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. अशा उपकरणावर लोक विश्वास ठेवतात!

तिचं म्हणणं, वय वाढलं की पाय पसरतो. माणसाची उंची, रक्तगट आणि बुटाचा नंबर बदलत नसतो, असं शांतपणे समजावलं. कमरेचं वेगळं. न घेता बाहेर पडलो. संध्याकाळी पाय सुजतात, हे रस्त्यात आठवलं. उद्या सकाळी जाईन.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गेलो. नऊ. मापपट्टी बिघडलेली आहे यावर शिक्कामोर्तब.

उद्याचा डोंगर पुढे ढकलला. कन्येला समजावलं, घाईत घेतलेला बूट आयुष्यभर चावतो. ती म्हणाली, ठीक आहे, पुढचा रविवार. समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुसरं दुकान. इथे बूट घालून चढून बघायला लाकडी उतरण ठेवली आहे. पद्धतशीर लोक. आठ नंबर मागितला, माणसाने मुकाट्याने दिला. याला म्हणतात धंदा.

उतरणीवर चढलो. उत्तम. तो म्हणाला, आता खाली उतरून बघा, बोटं पुढे आपटतायत का ते कळेल. म्हटलं, चढणं महत्त्वाचं. खाली काय, सगळेच येतात. बाजूने उडी मारून उतरलो.

तेवीसपैकी बावीस निकष पास. बूट घेतले. तपकिरी, जाड सोल, भक्कम. घट्ट वाटतात, पण तोच आधार.

रात्री हिला दाखवले. हिने अंगठ्याने पुढचा भाग दाबून बघितला आणि म्हणाली, "अहो, यात तुमची बोटं कुठे ठेवायची?"

स्त्रियांना तांत्रिक गोष्टींत रस नसतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नवे बूट मुरवावे लागतात. आजपासून सतत पायात. कारखान्यात घालून गेलो. दिवसभर करकर आवाज. साहेबांनी मीटिंगमध्ये दोनदा पंख्याकडे बघितलं.

संध्याकाळी वेल्डरने हटकलं. हा दर रविवारी डोंगरात असतो. त्याचे बूट म्हणजे दोन मेलेली जनावरं, नाड्या दोन रंगांच्या. माझ्या बुटाचं टोक दाबून म्हणाला, "साहेब, पुढे बोटभर जागा लागते." कुणाच्या बोटाची, असं विचारलं. वेल्डरच्या बोटाने माप घ्यायला लागलो तर पंप पाण्याऐवजी काहीही फेकतील.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

घरातही बूट. जेवताना, टीव्ही बघताना. हिने फरशी पुसली होती. तिचं बोलणं इथे लिहीत नाही.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. घरात काही काम काढलंय का, म्हणून विचारत होते. होय म्हटलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

टाचेला दोन फोड. म्हणजे बूट मुरतोय. फोड बुटाला यायला हवे होते, पण सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

उद्याचा डोंगर पुन्हा पुढे.  कन्या खोलीत जाऊन बॅग भरायला लागली. जायला बारा दिवस असताना! वेळेचं नियोजन जमत नाही तिला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

इंटरनेटवरचा उपाय: बूट ओले करा आणि वाळेपर्यंत घालून बसा. म्हणजे पायाचा आकार घेतात. पाच तास बसलो. वाळल्यावर आणखी आवळले. सर्दी झाली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कन्येला सांगितलं, या रविवारी नक्की. कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे बाबा. तुझे बूट नाही झाले तर उगाच."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "तिला डोंगर नकोय हो. तिला तुम्ही हवे आहात, अर्धा दिवस." मी म्हटलं, मग डोंगर कशाला सांगितला? ही म्हणाली, "घरात तुम्ही सापडता का?"

मी कायम घरातच असतो. गेल्या गुरुवारपासून बूट घालून.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कन्येच्या दाराशी उभा राहून सांगितलं, रविवारी पहाटे साडेपाचला निघायचं, बूट असोत वा नसोत. ती हसली. मग पिशवीतून एक पुडकं काढून दिलं. माझ्यासाठी लोकरीचे जाड मोजे, दोन जोड. पहिल्या रविवारीच आणून ठेवले होते म्हणे.

मोजे सुंदर आहेत. ते घालून पाय बुटात जायला अकरा मिनिटं लागली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तयारी पूर्ण. शिखरावर साडेआठ, खाली साडेदहा, घरी जेवायला. वेळापत्रक फ्रिजवर लावलं.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ, पलंगावरून.

क्रमाने लिहितो.

चढायला लागलो तेव्हा उत्साह दांडगा. पहिली पंधरा मिनिटं कन्येला सोलची रचना समजावली. विसाव्या मिनिटाला बोलणं थांबवलं. चाळिसाव्या मिनिटाला सत्तरीच्या एक बाई त्यांच्या कुत्र्यासकट आम्हाला ओलांडून गेल्या. बाईंच्या पायात स्लीपर होत्या.

अर्ध्या वाटेत मोठा खडक आहे. तिथे देखावा बघायला बसलो. देखावा फार चांगला होता, उठावंसंच वाटेना. एका छोट्या उतारावर दोन्ही अंगठे बुटाच्या टोकावर असे आपटले होते की डोळ्यांपुढे तारे. हे कन्येला सांगितलं नाही. तिला म्हटलं, तू वर जाऊन ये. ती म्हणाली, "मला वर जायचं नाहीये." आणि शेजारी बसली.

मग बोलायला लागली. तिला जायची भीती वाटते आहे. नोकरी नाकारायचं पत्र दोनदा लिहून खोडलं. तिथे कुणी ओळखीचं नाही, आजारी पडलं तर काय, परत येईपर्यंत मी आणि तिची आई म्हातारे झालेले असू. आईला सांगितलं असतं तर आई रडली असती, म्हणून नाही सांगितलं. अर्धा-पाऊण तास बोलत होती.

माझ्याकडे प्रत्येक मुद्द्याला उत्तर होतं. पण अंगठ्यांत अशा कळा येत होत्या की तोंड उघडलं असतं तर किंकाळीच आली असती. दात आवळून मान हलवत राहिलो. तिचा हात धरला होता, जरा जोरातच.

शेवटी डोळे पुसून म्हणाली, "थँक्स बाबा. पहिल्यांदाच मधे न बोलता ऐकलंस." आता जायचं ठरलं म्हणाली. मनाने.

माझी ऐकून घ्यायची हातोटी पहिल्यापासूनच चांगली आहे.

उतरायची वेळ झाली. दोन मिनिटं हवा लागू दे म्हणून बूट काढले. पुन्हा पाय आत जाईना. तिने ओढलं, मी ढकललं. मग तिने बुटाच्या जिभेमागचा शिक्का वाचला. "बाबा, आठ? तुझ्या सगळ्या चपला नऊच्या आहेत. आई वीस वर्षं नऊच आणते."

मी खिशातून मोज्यांचा दुसरा जोड काढला. 

मोज्यांवर खाली आलो. आधी एक जोड झिजला, मग दुसरा. तिने एका हातात बूट धरले होते, दुसऱ्या हाताने मला. तीन तास लागले. वाटेत ती इतकी हसली की दोनदा खाली बसावं लागलं. मलाही हसू आलं, पण फक्त सपाटीवर.

शिखर राहिलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रजा. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी. डॉक्टर म्हणाले, जातील. चुकीच्या मापाचे बूट घातले होते का, असं विचारलं. कारखान्यात लोखंड पडलं म्हणून सांगितलं. दोन्हीवर एकदम? होय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

विमानतळ. अंगठ्यांना पट्ट्या, पायात हिच्या मोठ्या सपाता. सगळे बघत होते. कन्या आत जाताना रडेल असं वाटलं होतं. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि हसतच गेली. एका दृष्टीने सोय झाली.

गाडीत ही रडली. मी मान हलवत राहिलो.

१ मार्च, रविवार

संकल्प: यापुढे मुलीचं बोलणं पूर्ण ऐकायचं. मधे बोलायचं नाही. जमतं हे सिद्ध झालेलं आहे.

८ मार्च, रविवार

अंगठे बरे. दुखत नाहीत.

कन्येचा फोन. तिकडे थंडी आणि चिखल, म्हणून काल बूट घेतले. किती दुकानं पालथी घातलीस? एक. किती जोड बघितलेस? एक. वेळ? दहा मिनिटं. घातले, बरे वाटले, घेतले. वर म्हणाली, छान आहेत.

मग सांगायला लागली. शेजारच्या टेबलावरची मुलगी चांगली आहे, पण संध्याकाळी घरी आलं की—

तेवढ्यात मला शिवणीचं विचारायचं आठवलं. मग सोलचं. घोट्याचं तर विचारायलाच हवं होतं. बावीस निकष झाले तेव्हा पलीकडून आवाज येत नव्हता. फोन कट झाला असं वाटलं.

झाला नव्हता. म्हणाली, "बरं बाबा, आता आईला दे."

दिला.