मेलबर्नचा मुराळी

२२ फेब्रुवारी
साक्रीहून व्याहीणबाईंचा फोन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून दोन महिने आहेत, पण बाई आतापासून तयारीत. "मुराळी उनाबिगर आमनी सून माहेरले जात नही. आमना घरनी रीत शे."
त्यांची सून म्हणजे माझी धाकटी बहीण हेमांगी. सासू साक्रीला, सून मेलबर्नला — रीत मात्र दोन्हीकडे हजर! भावाने सासरी जायचं, बहिणीला घेऊन यायचं, मग तिची आखाजी. पूर्वी मुराळी बैलगाडी जुंपून निघायचा. मी विमान जुंपतो.

२३ फेब्रुवारी
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मोबाइलवर बघितलं. मुंबई ते मेलबर्न नऊ हजार आठशे किलोमीटर. सिंगापूरला विमान बदलायचं, सगळे मिळून सतरा तास. पाचोरा ते मुंबई रेल्वे वेगळी.
आईला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे साक्रीच्या किती पल्याड?"
हिशोब केला. साठ साक्र्या.
ती म्हणाली, "मग डबा जास्त लागेल."

१ मार्च
दाजींना फोन लावला. म्हटलं, तिला एकटीलाच विमानात बसवून द्या, मुंबईला मी उभा राहतो. तर म्हणे, "आईचा शब्द मला मोडता येत नाही."
गेली पाच वर्षं आम्ही आखाजीला बोलावतो आणि हे "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात. कंपनीच्या कामाला अर्धं जग फिरून आले, पण आईसमोर अजून चौथीतले. मग फोन हेमांगीकडे दिला, स्पीकरवर. "सगळं छान आहे," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आमच्या आईला ते 'छान' काही रुचलं नाही. रात्री जेवली नाही.

८ मार्च
महिला दिन. व्याहीणबाईंनी ग्रुपवर गुलाब पाठवला.

१२ मार्च
व्हिसाचा अर्ज भरला. प्रवासाचा उद्देश काय? आता त्या गोऱ्या साहेबाला मुराळी कसा समजावू? 'बहिणीची भेट' लिहून मोकळा झालो. आईने मात्र गल्लीभर सांगितलंय — पोरगा मुराळी चालला. शेजारच्या हिलालनानांनी गंभीरपणे विचारलं, "बैल कोना लेशी?"

२ एप्रिल
व्हिसा आला. जाणं भाग आहे. एका म्हातारीच्या हट्टापायी साठ साक्र्या! चिडचिड नुसती.

३ एप्रिल
आज हेमांगीने स्वतःहून फोन केला. दाजी बाहेर गेले होते. मी सवयीने चेष्टा सुरू केली — तुझ्या सासूच्या रीतीला दंडवत, म्हटलं.
ती हसली नाही. म्हणाली, "रीतीची आठवण मीच करून दिली त्यांना. महिनाभर फोनवर त्यांच्या मागे लागले होते. माझा पासपोर्ट हे कुलपात ठेवतात, भाऊ. मागितला की हात उचलतात. पण मुराळी दारात आला आणि सासूबाईंनी सांगितलं, की यांना द्यावाच लागेल."
मग हळूच म्हणाली, "माले लई जाय."
तिकिटं काढली. माझं जायचं-यायचं. तिचं फक्त यायचं.