त्याहून एक जास्त

४ सप्टेंबर
पोचलो एकदाचे कॅलिफोर्नियाला! नेब्रास्काहून तीन दिवसांचा प्रवास, त्यात एमेट एकूण अकरा वाक्यं बोलला. बाकीचं बोलणं माझ्याकडे. बावीस वर्षांच्या संसारात आमची हीच वाटणी आहे. नवऱ्याला द्राक्षमळ्यात पंपदुरुस्तीची नोकरी मिळाली आणि मला खिडकीतून ओकची झाडं दिसणारं स्वयंपाकघर. गावाखालून भूकंपाची भेग जाते म्हणे. फुटपाथची कड मधेच वीतभर सरकलीय, पुलाचा कठडा वाकडा, आणि कुणाला त्याचं काही नाही. एमेट कठड्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, गवंडी पिऊन आला असेल, चल.

९ सप्टेंबर
आज पहिला धक्का! ओफेलियाच्या हॉटेलात पॅनकेक खात होतो. कप खुळखुळले, दिवा झुलला. मी टेबलाखाली शिरणार, तर एकही माणूस जागचा हलेना. मग धक्का किती रिश्टरचा, याचा सगळे एकेक आकडा सांगू लागले. एकाने सांगितला अर्धा, दुसऱ्याने पाव. आमच्या कुंपणापलीकडचा म्हातारा फ्लॉइड अमराल म्हणाला, छे, धक्का कुठला, माझ्या गाईने कूस बदलली असेल. सगळ्यात कमी सांगणाऱ्याला ओफेलिया केक देते, ही इथली रीत. एमेट गुपचूप दीड म्हणाला.

मग माझी पाळी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, नऊ, आणि मेल्यांनो, मी ढिगाऱ्याखाली आहे, केक तिथेच पाठवा. कुणी हसलं नाही. ओफेलियाने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. फ्लॉइड म्हणाला, व्हर्ना, पोरी, कमी सांग, आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, आमच्याकडे बोललेलं फिरवत नाहीत. घरी येताना रेडिओवर सांगितलं, तीन पूर्णांक एक होता.

११ सप्टेंबर
सकाळी दहाला बशा हलल्या. दुपारी पुन्हा. कुंपणाशी जाऊन मी फ्लॉइडला विचारलं, हा किती? तो म्हणाला, कुठला? त्याच्या गाई निवांत रवंथ करत होत्या. फोनवर शोधलं, कुठेच नोंद नाही. फ्लॉइडने माझ्याकडे पाहिलं आणि बादली तिथेच टाकून तो घरात गेला.

१४ सप्टेंबर
दिवसाला सात-आठ धक्के. दुकानात मी उभी होते तेवढीच फरशी थरथरली. शेजारच्या बाईच्या हातातल्या बाटलीतलं दूधही हललं नाही. ती बाई लांब सरकली.

संध्याकाळी फ्लॉइड आला, टोपी काढून बसला. म्हणाला, बसलेल्या धक्क्याहून मोठा आकडा इथे कुणी तोंडातून काढत नाही. काढला की जमीन तो खरा करते, फक्त बोलणाऱ्याच्या पायाखाली, रोज थोडा थोडा वाढवत. त्याचा भाऊ सहा म्हणाला होता. गाव सोडून फ्रेस्नोला पळाला, तिथे भर रस्त्यात जमिनीने त्याला पोटात घेतलं. बाजूने जाणाऱ्यांना काही जाणवलंही नाही. सुटका एकच. दुसऱ्या कुणीतरी त्याहून मोठा आकडा बोलायचा आणि ते आपल्यावर घ्यायचं. भावासाठी कुणी बोललं नाही. मीही नाही, असं म्हणून फ्लॉइड टोपी विसरून निघून गेला.

एमेट मागच्या दारात पाना पुसत उभा होता. त्याने किती ऐकलं, मी विचारलं नाही.

१६ सप्टेंबर
भिंतीला चीर गेली, माझ्या पलंगाच्या बाजूनेच. आता मी दिवसभर अंगणात बसते, छप्पर पडलं तर एमेटवर नको. तो येऊन शेजारी बसतो. ऊठ म्हटलं तर उठत नाही. मला मरायची भीती वाटते. त्याला घेऊन मरायची त्याहून जास्त.

१७ सप्टेंबर, सकाळ
हलत नाही. आठपासून काहीच नाही. कॉफी ओतली, थेंब सांडला नाही. संपलं बहुतेक. पोटभर रडले.

११ वाजता
ओफेलियाचा फोन. एमेट कामावर जाताना तिथे थांबला. सगळ्यांसमोर उभा राहून माझं त्याने स्वतःवर घेतलं. काय बोलला ते ती सांगत होती, मी मधेच फोन ठेवला. एमेटचा लागत नाही. आज तो पंपाच्या खड्ड्यात आहे — वीस फूट खाली —

मलाही बोलता येतं. परत घेता येतं. स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले. दहा. बारा. वीस. शंभर.
कॉफी स्थिर.
शंभर म्हटलं ना — हल की मेले —

११.२०
फ्लॉइड दारात. धापा टाकतोय. म्हणाला, तोंड बंद ठेव पोरी, एक अक्षर काढू नकोस. एमेटने आकडा सांगितलाच नाही. तो एवढंच म्हणाला, की व्हर्ना गप्प बसायची नाही. ती जो म्हणेल, त्याहून माझा एक जास्त.

एकशे एक —

फोन वाजतोय. मळ्याचा नंबर. फ्लॉइड उचलत नाही, मीही — माझ्या पायाखाली काहीच — हल ना गं — माझ्याखाली हल —