हक्कसोड

ट्युबिंगन,
११ जानेवारी २००९

प्रिय दादा,

तू पाठवलेलं पाकीट गुरुवारी मिळालं. आईनं त्यात सरकवलेली कारळ्याची चटणी नीट पोचली, कागदांना डाग पडला नाही. मी बरी आहे. आईचे गुडघे थंडीत कसे आहेत? ती विचारलं तरी सांगत नाही, म्हणून तुला विचारते.

इथं सगळीकडे बर्फ आहे. विद्यापीठात जाताना अंधार असतो, येतानाही अंधारच. आमच्या मजल्यावर सगळ्यांना मिळून एकच स्वयंपाकघर. परवा मी आमटीला फोडणी दिली, तर छतावरची धुराची घंटा वाजली आणि अख्खी इमारत कोट घालून बाहेर बर्फात उभी राहिली. शेजारच्या खोलीतली आग्न्येश्का पोलंडची. ती माझी भाकरी जॅम लावून खाते. प्राध्यापकांना इथं नावानं हाक मारतात. मला अजून जमत नाही, मी आपली 'एक्स्क्यूज मी' म्हणून वेळ मारून नेते.

तू फोनवर विचारलंस, कागद सही करून कधी पाठवतेस. सांगते. पण त्याआधी दिवाळीचं सांगायचं राहिलंय. तेव्हापासून दर रविवारी तुझा फोन येतो आणि दर रविवारी मी तुला थंडीचं सांगते.

दिवाळीनंतरच्या शनिवारी स्टुटगार्टच्या मराठी लोकांनी एक हॉल घेतला होता. मी फराळाची ताटं भरायला मदत करत होते. तिथं मनीष भेटला. तुला आठवेल, जांबे गावात आपण भाड्यानं देतो त्या खोल्यांत शैलेशबरोबर राहायचा, चष्मेवाला. कंपनीनं त्याला वर्षभरासाठी इकडे पाठवलंय. ओळखीचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला! मी चकल्यांची ताटली पुढं केली. त्यानं घेतली नाही.

"शैलेशला एवढं मारायला कशाला लावलंत?" तो म्हणाला. "नुसतं नको म्हटलं असतंत, तरी तो गेला असता."

मला काही कळेना. मग त्याला कळलं की मला काहीच माहीत नाही, आणि तो खुर्ची ओढून बसला. त्यानं सगळं सांगितलं. तू मोटार बिघडल्याचं सांगून शैलेशला विहिरीवर बोलावलंस. तो बिचारा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. तुम्ही तिघं होतात. मारताना तू म्हणालास, "आमच्या अपेक्षानंच सांगितलंय, तू तिच्या मागं लागतुयास म्हणून." मनीषनं त्याला चिंचवडला डॉक्टरकडे नेलं आणि तिथून अकोल्याच्या गाडीत बसवलं.

त्याच्या मनात माझ्याबद्दल काय होतं आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल काय होतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच तर मारलंस. त्यामुळे इथं लिहायला मला लाज वाटत नाही.

मनीषकडून नंबर घेऊन मी शैलेशला फोन केला. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "एक मिनिट, या कानानं ऐकू येत नाही," आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "बोला." दादा, तो मला कधी अहोजाहो करत नव्हता.

मी त्याला खरं काय ते सांगितलं. "मला वाटलं, तुम्हीच..." एवढंच तो म्हणाला. मेमध्ये त्याचं लग्न झालंय. मागून कुणीतरी जेवायला हाक मारली. "बरं झालं कळलं," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मी परत केलेला नाही. करणारही नाही. त्या घरात माझं आता काही काम नाही.

तो न सांगता गेला म्हणून मी जेवत नव्हते, तेव्हा तू ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला होतास. "असली पोरं लई बघितल्यात मी. तू रडू नगंस," म्हणालास. माझ्या पाठीवरून हात फिरवलास. कुठल्या हातानं रे?

आणि मग हे जर्मनीचं निघालं. आई नको म्हणत होती, तू तिला समजावलंस, "जाऊ दे तिला, आये. आपल्या घरात इमानात कुनी बसलंय व्हय?" चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावलास. मला वाटलं, असा भाऊ कुणाला मिळत नाही. मी विमानात बसून तुझ्यासाठी रडले. तू तर मला नुसतं वाटेतून बाजूला करत होतास.

आईलाही विचारलं मी. आधी म्हणाली, "मला काय म्हाईत न्हाई." मग म्हणाली, "झालं त्ये झालं. घराची अब्रू ऱ्हायली." म्हणजे तिला माहीत होतं. तिच्यावर माझा हात उचलत नाही. तुझ्यावर उचलतो.

आता कागदांचं. अण्णांच्या जमिनीतला माझा हिस्सा राजीखुशीनं तुझ्यासाठी सोडते, असं त्यात लिहिलंय. बिल्डर थांबलाय तो तेवढ्या एका सहीसाठी, हे तूच सांगितलंस. कागद याच पाकिटात बिनसहीचे परत पाठवतेय. पण तेवढ्यावर मी थांबलेली नाही. माझ्या मैत्रिणीची मावशी सुलक्षणाताई पुण्यात वकील आहेत. त्यांच्याकडून बिल्डरला नोटीस गेलीय. पेपरातही अण्णांच्या नावानिशी जाहीर नोटीस येईल, की हैबतरावांच्या मुलीची या व्यवहाराला संमती नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर गावानं ती वाचलेली असेल. तुझी इमारत, तिच्यावर टाकायचं तुझं नाव, त्या जोरावर लढवायची निवडणूक, सगळं आता माझ्यावर अडलंय.

तू म्हणशील, एका परक्या पोरासाठी सख्ख्या भावाला बुडवलं. होय, बुडवलं. रागाच्या भरात नाही. वकिलांना हवे ते कागद पोस्टात टाकून आले, त्या दिवशी किती तरी दिवसांनी मला भूक लागली. मी पोटभर भात खाल्ला.

एकच गोष्ट बोचते. नव्या इमारतीत लिफ्ट असणार म्हणून आई वाट बघत होती. तिचे गुडघे यात नाहक सापडले. तरीही मी मागं घेणार नाही.

तू फोन करशील. आधी शिव्या देशील, मग रडशील, मग शैलेशची माफी मागतो म्हणशील. मागू नकोस. त्याला त्याचा संसार करू दे. तुझ्या माफीनं त्याला ऐकू येणार नाही, आणि मला तर ती नकोच आहे. तुला जे सगळ्यात जास्त हवं होतं ते मिळू नये, एवढंच मला हवंय.

मार्चअखेर मी परत येतेय. न्यायला येऊ नकोस. भाड्याच्या खोल्यांपैकी एक मला राहायला लागेल. कुठली ते आल्यावर ठरवीन.

आईला माझा नमस्कार सांग. हे पत्र तिला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. पत्राच्या शेवटी थोरल्या भावालाही नमस्कार लिहायचा असतो. तो मी लिहीत नाही.

अपेक्षा