झोटिंगाने अन्न सोडले

हिंगणीनजीक,
रविवार, दि. २४ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. लीलाबाई हीस,

वासुदेवदादाचे अनेक आशीर्वाद. घरचे सगळे बरे आहेत. फक्त चिंचेवरच्या झोटिंगाने अन्न सोडलं आहे.

तू पाठवलेले तांदूळ पोचले. तुझ्या नातवाला दातांमुळे ताप आला असेल, हे आजीला सुचू नये? पण आमच्या बाईंना माहेरचा झोटिंगच आठवला. पोस्टाने भुताला शिधा पाठवणारी या जिल्ह्यातली पहिली तूच असशील.

आता गावाचं न्यायशास्त्र ऐक. धूर दिसला की अग्नी, आणि चिंचेखालचं दहीभाताचं गाडगं सकाळी रिकामं दिसलं की झोटिंग. झाकणीवर दगड ठेवलेला, म्हणजे कुत्र्याचं काम नव्हे. गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून मात्र भात तसाच उरतो. यावरून भूत नाही असं निघावं ना? निघालं असं, की भूत रागावलं.

त्या दसऱ्याला लहानूच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्म घेतला, घरातले देव पाण्यात सोडले. रूपराव पाटलांच्या मते झोटिंग त्यामुळेच कोपला. गुरुवारी अमावास्येचं गाडगंही भरलेलंच राहिलं. शुक्रवारी त्यांनी चावडीवर लहानूच्या बायकोला, धुरपताला, बोलावलं. "चिंचेपुढं नारळ फोड अन् माफी मांग. तवर तुह्या घरच्या कोनाले कापूस येचाले घेनार नाई." ऐन वेचणीत हे. घरात पाच तोंडं आणि वेचणीवाचून दुसरी कमाई नाही.

ती म्हणाली, "पाटील, भूतबीत काई नाई. थो भात मायी माय नेत होती, मंग मी नेत होती. आता आमी कोनाचा उतारा खात नाई, म्हनून उरते."

लोक हसले. रूपराव म्हणाले, "झोटिंगाचा घास खाऊन तू जित्ती कशी राह्यली वं?"

"घास भेटला म्हनूनच राह्यली. गुरुजीले पुसा. त्यायनं लहानपनी पाह्यलं हाये मले."

सगळी चावडी माझ्याकडे वळली. आणि तुझा काव्यतीर्थ भाऊ म्हणाला, "फार जुनी गोष्ट आहे. नीटसं आठवत नाही."

धुरपता पदर सावरून निघून गेली.

दोन दिवस मी मनातल्या मनात पाटलांना शिव्या दिल्या, गावाला दिल्या, तुझ्या तांदळांनाही दिल्या. सगळ्यांना देऊन झाल्यावर एकच माणूस उरला.

लिले, मला आठवतं. मी मुदतीच्या तापातून उठलो, तेव्हा आईने नवसाचं गाडगं ठेवलं होतं. आपण निंबाआड दडलो होतो. आपल्याच वयाची पोरगी आली, दगड उतरवला, कुंकू लागलेली शितं वेचून टाकली आणि उरलेला भात पदरात घेतला. जाताना तिने मला पाहिलं. घरी येऊन मी सांगितलं, "भुतानं सगळं खाल्लं." आई आनंदाने रडली. गावाला साक्षीदार मिळाला. तेव्हापासून लोक विचारत आले आणि मी मान हलवत आलो.

आज सकाळी तुझ्याच तांदळांचा दहीभात रीतसर कालवून घेतला. चावडीवर जाऊन सगळं सांगितलं आणि चिंचेखाली बसून, गावादेखत, खाल्ला.

"गुरुजी, हे काय करून राह्यले?" रूपरावांनी विचारलं.

"जेवतो आहे," म्हटलं.

उताऱ्यात मीठ घालत नाहीत, हे मी चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो. अळणी भात घशाखाली कसा उतरतो ते आज कळलं.

तुझी वहिनी सकाळपासून बोललेली नाही. आपल्या चार एकरांतली वेचणी धुरपता उद्या सुरू करील. तीही लगेच हो म्हणाली नाही, आणि ते योग्यच. पण चार एकर किती दिवस पुरणार? पाटील म्हणतात, साक्षीदार एकच, तोही आजवर खोटं बोललेला. यात त्यांचं चूक काय?

दुसरी साक्षीदार तू आहेस. त्या दिवशी निंबाआड माझा हात तूच धरला होतास. तू ये. येणं जमत नसेल तर जे पाहिलंस ते तुझ्या अक्षरात लिहून पाठव, मी चावडीवर वाचीन. तांदूळ आता पाठवू नकोस.

झोटिंगाचा घास पोटात घेऊन अजून जिवंत असलेला,
तुझा
वासुदेवदादा