अण्णांच्या नावाचे आठ मोबाईल

ती. अन्नपूर्णाअक्कास गुंडेरावचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला दोन्ही आता शांत असावेत. आम्ही इकडे नुसते खुशाल नाही, चक्क जिंकलेलो आहोत!

अण्णांच्या वर्षश्राद्धाला शाळेला मोबाईल देतो म्हटल्यावर ‘त्यापेक्षा पंखा दे, पात्यावर नाव तरी राहील’ असं तू सुनावलं होतंस. (आपल्या मादन हिप्परग्यात दात्याच्या नावाशिवाय पंखा फिरत नाही, हे कबूल.) पण ज्या शाळेत अण्णांनी तीस वर्षं भूगोल शिकवला, तिथं त्यांचं नाव छताला गरगरत राहावं हे मला पटेना. म्हणून गुलबर्ग्याहून आठ जुने मोबाईल आणले. कंपनीनं त्यांची सिस्टीम नवी करणं कधीच सोडलेलं. आपल्या पल्लवीनं (कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, तरी बापाशी बोलते) लोकांनी मिळून बनवलेली मोफत सिस्टीम त्यांत घातली आणि मोबाईल टवटवीत झाले. मग मी अक्कल चालवली. कंपनीचा नकाशा, कंपनीचं ॲपचं दुकान, सगळं कुठून कुठून शोधून आठांत भरलं आणि झाडून सगळ्यावर ‘कै. अण्णांच्या स्मरणार्थ’ घातलं.

पल्लवी कडाडलीच. “अप्पा, सिस्टीम वाटायची मोकळीक हाय, पण ही ॲप कंपनीची हायत. ती वाटायचा परवाना आपल्याला कुठं हाय? दुसऱ्याच्या समईवर आजोबांचं नाव घालायलाव तुम्ही!” अक्का, तिचं खरं होतं. अण्णांनी शाळेचा खडूसुद्धा कधी घरी आणला नव्हता.

सगळं पुसलं. मोफत नकाशा टाकला, तर त्यात आपलं गाव म्हणजे एक रस्ता आणि बाकी पांढरं! मी खचलो. पण हेडबाई शरणम्मा म्हणाल्या, “कामून घाबरायलाव? ह्यो नकाशा आपल्यालाच भरता येतंय न्हवं?” आणि चार दिवस शाळेतल्या पोरी मोबाईल घेऊन गावभर फिरल्या. विहिरी, गल्ल्या, तळं, शाळा, सगळं नकाशात घातलं. अण्णांचा तास पुन्हा भरला, अक्का. मला तिथंच रडू आलं.

मोबाईल देण्याच्या कार्यक्रमात शिक्षण खात्याचे एक साहेब मुद्दाम सगळ्यांदेखत विचारते झाले, “लायसन्स हाय काय ह्याला?” मी प्लास्टिकच्या फाईलमधून मोफत सिस्टीमच्या परवान्याची चौदा पानं काढून हातात दिली. साहेबांनी पहिलं पान वाचलं, उरलेली तेरा मोजली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तुझा पंखा हरला, अक्का!

तुझा धाकटा,
गुंडेराव

ता. क. विजयाच्या भरात माझ्या स्वतःच्या मोबाईलमध्येही तीच सिस्टीम घातली. आतलं सगळं पुसलं गेलं; नंबर कंपनीच्या खात्यात होते आणि त्याचा पासवर्ड मला आठवत नाही. म्हणून हे पत्र. तुझा नंबर उलट टपाली कळव.

ता. ता. क. पल्लवीला फोन करून सांगू नकोस. बहिणीचा नंबर मला तोंडपाठ आहे, असं मी तिला शपथेवर सांगितलंय.