उकळून ठेवलेलं पाणी

अहो,

मी मनकर्णाबाईले घेऊन मेहकरच्या सरकारी दवाखान्यात चालली. भाकरी टोपल्यात आहे, भाजी तुमची तुम्ही करून घ्या.

शेजारच्या या म्हातारीच्या पायाची जखम रोज धुऊन पट्टी बदलीन, अशी साक्ष चर्चमधी मंडळीपुढं उभं राहून कोणी देली होती? सगळे आमेन म्हणाले तेव्हा चेहरा कसा खुलला होता तुमचा! सुरुवातीले गेले, मग बंद. अन् शुक्रवारी उपास-प्रार्थनेत तिचंच नाव घेऊन रडले. काऊन हो, भिंतीपलीकडं तर राह्यते ती. तिथं जायचं काम बी देवावरच ढकललं काय?

आज मी वरण द्याले गेली, तर पट्टी जखमेत रुतलेली अन् वास येऊन राह्यला होता. मी म्हटलं, मले हाक काऊन नाही मारली? तर म्हणते, "भाऊ येतो म्हणाले होते ना, देवाचं नाव घेऊन." तुम्ही सांगतलं म्हणून ती अजून रोज सकाळी पाणी उकळून झाकून ठेवते. तुम्ही आले नाही की संध्याकाळी तुळशीले टाकते.

पास्टर साहेबांचा फोन होता. रविवारचा संदेश तुम्ही द्यायचा म्हणे, आज्ञापालनावर. त्यांले काय सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहा.

दवाखान्यात प्रार्थना कराले येऊ नका. संध्याकाळच्या गाडीनं तिले घरी आणतो. उद्या सकाळी ती पाणी ठेवीनच. ती तुमचं ऐकते. तुम्ही कोणाचं ऐकता?

रिबका