साचा थंड होता

प्रिय ताई,

अकरा वर्षांत मी तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत. त्यामुळे हे पाकीट बघून तू आधी चष्मा पुसशील आणि मग मला दोन शिव्या घालशील. घाल. भाऊजींचा गुडघा आता बरा आहे ना?

परवा प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना त्या दातेरी चाकांची पुडी सापडली. रुग्णाला उचलून खुर्चीत बसवणाऱ्या यंत्रातली नायलॉनची चाकं, तुझ्याच मशीनवर काढलेली. त्यांचे दाते तुटले, एक निवृत्त शिक्षिका खाली आदळल्या, त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. चौकशीत ठरलं की तू नायलॉनचे दाणे न वाळवताच मशीनमध्ये टाकलेस. तू माझ्याकडे बघून एवढंच म्हणालीस, "चार तास वाळवले होते रे, तू सांग ना." मी फायलीची पानं उलटत राहिलो. नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखणारी तू. वीस वर्षांच्या नोकरीनंतर तुला काढून टाकलं, राहिलेला डबा घ्यायलाही कुणी आत सोडलं नाही.

आता आमच्याकडे क्ष-किरणांनी स्फटिक तपासायचं यंत्र आलंय. वितळलेलं नायलॉन गरम साच्यात सावकाश निवलं, तर त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींना बिलगून नीट रांगेत बसतात. साचा गार असला, की घाईघाईत जमेल तशा. वरून बघशील तर चाक तेच, आतून मात्र कच्चं. मी तुझी चाकं तपासली. साखळ्यांची लांबी वेगळी मोजली, ती व्यवस्थित होती. दाणे ओले असते तर त्या तुटल्या असत्या. स्फटिक मात्र अर्धवट. म्हणजे दाणे कोरडे होते आणि साचा थंड होता.

खरं तर हे कळायला मला यंत्राची गरज नव्हती. माल त्या आठवड्यात जायलाच हवा होता, म्हणून चाकं भराभर सुटावीत यासाठी भिंतीपलीकडच्या टाकीतून साच्यात फिरणारं पाणी मीच गार करायला लावलं. फिटरला तोंडी सांगितलं, कुठं लिहून ठेवलं नाही. चाकं आज इतकी लवकर कशी सुटतायत, असं तू विचारलंही होतंस. मी हसून म्हणालो होतो, "वीस वर्षांनी तुझा हात बसला वाटतं!" आणि तू केवढी खूश झालीस.

आज सकाळी हे सगळं लिहून, सही करून व्यवस्थापकांना दिलं. त्या शिक्षिकांच्या मुलालाही प्रत पाठवली. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. थोड्या दिवसांत कंपनीचा माणूस तुझ्याकडे पत्र घेऊन येईल. त्यात 'तांत्रिक त्रुटी' असं काहीतरी गुळमुळीत लिहिलेलं असेल. ती त्रुटी म्हणजे तुझा भाऊ, हे तुला आधी माझ्याकडूनच कळायला हवं होतं. आणखी एक. आईनं शेवटच्या आजारात मला विचारलं होतं, "पोरीनं खरंच हलगर्जी केली का रे?" मी हो म्हणालो. आता तिला खरं सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतोय.

तुझाच,
धाकटा